सात फूट चार इंच

जयराजनं मोबाइलवर पाठवलेल्या यादीत सातव्या क्रमांकाला लिहिलं होतं, की गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी गॅसवर वेलदोडा घालून दूध ठेवावं, अगदी मंद, म्हणजे दारात पाऊल टाकल्याबरोबर माणसाला आपल्याच घरी आल्यासारखं वाटतं. शालननं ते खरंच ठेवलं. छत्तीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून ती माझं एक ऐकत नाही, आणि ह्या कालच्या पोरानं इकडून तिकडून उचललेली यादी मात्र तिनं वहीत उतरवून घेतली होती. मी अंघोळ करून बाहेर आलो आणि तो वास नाकात शिरला. गोड, जाड, चिकट. त्याच्या खालून आमच्या घराचा खरा वास येत होता, जो सहा वर्षांत गेलेला नाही, कितीही चुना मारा, फिनेल ओता, उदबत्त्या जाळा. दोन्ही वास एकमेकांत मिसळले आणि मला ओकारी आली. मी उलटा मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. बाहेरून शालन विचारत होती, काय झालं, पित्त का? मी म्हटलं, पित्तच.

जयराज हा आमचा एजंट. सांगलीत हल्ली दर तिसरा माणूस एजंट असतो, पण जयराज त्यातला बरा म्हणायचा, कारण तो निदान काका म्हणून बोलतो आणि चहाला नाही म्हणत नाही. त्याच्या यादीत अजून बरंच होतं. देवघर सोडून बाकीचे फोटो काढून ठेवा, लोकांना दुसऱ्याच्या घरातली माणसं बघायला आवडत नाहीत. दिवे सगळे लावा, दुपारी बारा वाजता का असेना. घर दाखवायचं ते फेब्रुवारी ते मे, त्यानंतर कुणी आलंच तर गावाला गेलोय म्हणून सांगायचं. आणि भिंतीला दोन हात रंग, हलका पिवळा, त्यात ओल दिसत नाही. रंगारी आठ दिवस घरात होता. तो तिसऱ्या दिवशी हॉलमधल्या पूर्वेच्या भिंतीशी आला तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो. त्यानं ब्रश वर धरून मला विचारलं, हे काय लिवलंय सायेब, ठिवायचं का मारायचं? मी पेपरातून मान वर केली नाही. मार म्हटलं.

ते मी लिहिलं होतं. शिसपेन्सिलीनं एक आडवी रेघ, तिच्या डोक्यावर तारीख, आणि खाली ७'-४". एकोणीसचा पूर ओसरल्यावर घरात परत आलो त्या दिवशी पहिल्यांदा काय केलं असेल तर टेप काढून भिंतीवरची पाण्याची खूण मोजली. शालन दाराबाहेर चिखलात उभी राहून रडत होती आणि मी टेप लावत होतो. त्याचा तिनं नंतर खूप राग धरला. पण मला दुसरं सुचलंच नसतं. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, कारकुनाची, आणि पावसाळ्यात माझं काम म्हणजे आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी वाचायची, वहीत लिहायची आणि वर कळवायची. ऑगस्ट लागला की गावाला माझा नंबर पाठ व्हायचा. मदनभाऊ, किती झालं? अडतीस फूट दोन इंच. मदनभाऊ, वाढतंय का उतरतंय? तासाला तीन इंच वाढतंय. लोक त्या आकड्यावर म्हशी हलवायचे, धान्याची पोती माडीवर टाकायचे, म्हाताऱ्यांना रिक्षात घालून पाहुण्यांकडे धाडायचे. मी कधी आकडा फुगवला नाही आणि कधी खाली घेतला नाही. एकदा एका मोठ्या माणसानं, लोक घाबरतात, जरा कमी सांगा, असं सुचवलं होतं. मी त्याला म्हणालो, साहेब, नदीला सांगा कमी व्हायला, मी लगेच कमी सांगतो. हे वाक्य मी पुढं वीस वर्षं लोकांना सांगत फिरलो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गंमत अशी, की हे घर मी घेतलं तेव्हा मला कुणीही फसवलं नव्हतं. फसवलं असतं तर शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं. शहाण्णव साली घर घेताना सगळे म्हणत होते, मदन, गल्ली नदीच्या अंगाला आहे, जरा चौकशी कर, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचार. मी कशाला विचारतो? खात्याच्या जुन्या वह्या माझ्या टेबलावर होत्या. मी रात्र रात्र नव्हे, पण चांगले पंधरा दिवस बसून त्या चाळल्या आणि ह्या गल्लीला पाणी लागल्याची एकही नोंद त्यांत नव्हती. मी छाती काढून व्यवहार केला. पुढं कळलं की त्या वह्यांत ह्या गल्लीची नोंद नव्हती, कारण त्या काळात इथं गल्लीच नव्हती. उसाचं रान होतं. रानात पाणी शिरलं तर ते कोण लिहितो? पेढे वाटले होते मी कचेरीत. हा मूर्खपणा पाणी मोजणाऱ्या माणसालाच जमू शकतो, दुसऱ्या कुणाला नाही. दोन हजार पाचला पाणी मांडीपर्यंत आलं. एकोणीसला सात फूट चार इंच. एकवीसला पाच फूट नऊ.

त्या दिवशी अकरा वाजता गिऱ्हाईक आलं. विश्वजीत नावाचा माणूस, पन्नाशीच्या आतला, उंब्रजचा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. बरोबर बायको, संयोगिता. तो बूट बाहेर काढून, जोडून ठेवून आत आला आणि कुठल्याही गिऱ्हाइकानं करू नये अशी गोष्ट त्यानं केली, तो गप्प राहिला. बाकीचे लोक बडबडतात. नळ सोडून बघतात, खिडकी उघडझाप करतात, ह्या भिंतीला कपाट बसेल का म्हणतात. हा नुसता खोलीच्या मधोमध उभा राहून चारी बाजूंना बघत होता. मग त्यानं बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकलं. पूर्वेच्या भिंतीवर. खाली ठोकलं, मग कमरेच्या उंचीवर, मग खांद्याच्या, मग हात वर करून. प्रत्येक ठिकाणी तो जरा कान देऊन ऐकत होता. जयराज मधेच म्हणाला, काका खात्यात होते, बांधकाम बघून केलंय सगळं. बांधकाम मी केलंच नव्हतं. संयोगिता स्वयंपाकघरात गेली आणि शालनला म्हणाली, काय छान वास सुटलाय, काय केलंय? शालननं तिला कपभर दूध दिलं. मी ते दूध तिच्या ओठाला लागताना बघितलं आणि तोंड फिरवलं.

बोलणं झालं ते असं. विश्वजीतच्या आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा शाबूत. मिरजेच्या दवाखान्यात आठवड्यातून तीनदा न्यावं लागतं आणि उंब्रजहून ते जमत नाही. म्हणून सांगलीत घर पाहिजे, आणि तळमजलाच पाहिजे, पायरी नको, खुर्ची सरळ आत आली पाहिजे. फ्लॅट खूप बघितले, तळमजल्याला सगळीकडे पार्किंग. जयराजनं माझ्याकडे असं बघितलं की बघा, देवानंच पाठवलाय. विश्वजीतनं मोबाइल काढून घराची चित्रफीत घेतली, आईला दाखवायला. हॉल, आतली खोली, न्हाणीघर. आतल्या खोलीत तो थांबला आणि म्हणाला, हितं कॉट बसंल. पाण्याबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही. मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मी त्या एका प्रश्नाची वाट बघत होतो, आणि त्यानं तो विचारू नये म्हणून मनात णमोकार मंत्रही म्हणत होतो. दोन्ही एकाच वेळी. तो गेल्यावर शालन म्हणाली, विचारलं असतं तर सांगितलंच असतं की आपण, आपण कुठं खोटं बोललो?

हे गल्लीच्या नियमाप्रमाणेच होतं, आणि तो नियम मीच लिहून दिला होता. एकवीसचा पूर ओसरल्यावर गल्लीतली नऊ घरं बिराप्पाच्या गच्चीवर जमली होती. बिराप्पा एस.टी.तून निवृत्त झालेला ड्रायव्हर, गल्लीचा न निवडलेला पुढारी. त्याचं म्हणणं साधं होतं. एक जण खरं बोलला तर नऊ जणांची घरं जाणार. म्हणून गिऱ्हाइकासमोर पाण्याचा विषय कुणी काढायचा नाही, विचारलंच तर एकदा आलं होतं, आता सरकार काहीतरी करणार आहे, एवढं बोलायचं, भिंतीवरच्या खुणा ज्यानं त्यानं काढायच्या, आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक आपल्या दारात चौकशीला आलं तरी हेच. अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्यासमोर सरकवला. मी लिहिला. वर नुसता लिहिलाच नाही, एका ठिकाणी त्यांची भाषा दुरुस्त केली. गेल्या चार वर्षांत नवापैकी पाच घरं गेली. घेणारे सगळे बाहेरचे, एक जतचा, एक विट्याचा, एक तर थेट सोलापूरचा. ते सकाळी दारात रांगोळ्या घालतात, मला नमस्कार करतात, आणि मी त्यांच्या पोरांची उंची डोळ्यांनी मोजतो. हे सांगायला लाज वाटते, पण मोजतो. हा चार फूट, ही साडेतीन.

पाणी नुसतं येत नाही, हे लोकांना कळत नाही. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं, आलं आणि गेलं. एकोणीसला मी पुलाजवळ आकडे वाचत होतो तेव्हा शालनला होडीतून काढून तासगावला तिच्या बहिणीकडं, चंदनाकडं, पोचवली होती, आणि आम्ही घरी परत आलो ते अकराव्या दिवशी. दार उघडेना. आतून चिखलानं धरलं होतं. तिघांनी खांदा लावला तेव्हा एक वीतभर सरकलं आणि त्या फटीतून जे बाहेर आलं त्याला वास म्हणत नाहीत. ते अंगावर येतं आणि अंगावरच राहतं. फ्रिज उताणा पडलेला. तुरीची डाळ फुगून, कुजून, फेसाळून डब्यांची झाकणं उडालेली. गादीवर पांढरी बुरशी, बोटभर. देवघरातल्या पार्श्वनाथांच्या मूर्तीवर चिखलाचा थर, आणि त्या थरातून काहीतरी वळवळत होतं. जमिनीवर घोट्याइतका गाळ आणि तो गाळ जिवंत होता. अळ्या, गांडुळं, कसले कसले लाल दोरे. आम्ही जैन. माझ्या आईनं आयुष्यात पाणी गाळल्याशिवाय प्यायलं नाही आणि चुलीत घालायचं लाकूड झटकल्याशिवाय आत सारलं नाही. मी त्या गाळावर ब्लिचिंग पावडरची पोती उपडी केली आणि फावड्यानं चार दिवस तो जीवांचा लगदा दारातून बाहेर लोटला. चरर्र असा आवाज यायचा. शालननं त्याचं प्रायश्चित्त म्हणून महिनाभर एकभुक्त केलं. मी केलं नाही. पण जेवताना वरणभात कालवला की अजून माझा हात थांबतो.

आणि तीच शालन, मुंगी मेली तरी हळहळणारी, त्या बाईला दूध पाजून म्हणते, आपण कुठं खोटं बोललो. तिचा राग करावा तर तिचं तरी काय चुकलं? दोन पूर तिनं उपसले. तिच्या गुडघ्यांच्या वाट्या गेल्या. विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर आम्ही फ्लॅट धरलाय. तिनं तिथली गॅलरी बघितली आणि लहान मुलीसारखी खाली वाकून म्हणाली, इथंवर नाही ना हो येणार? हे घर गेलं नाही तर तो फ्लॅट सुटतो. आमचा मुलगा, अतिशय नाव त्याचं, पुण्याहून रोज फोन करून एकच विचारतो, झालं का? एकदा मी त्याला म्हटलं, अरे, त्यांची म्हातारी अंथरुणावर आहे. तो म्हणाला, पप्पा, तुम्ही पण म्हातारे आहात. त्याचं बोलणं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या गोष्टीची किळस येऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं.

मी ठरवलं होतं सांगायचं. हे आता कुणाला पटणार नाही, पण ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात विश्वजीत एकटाच आला, न कळवता. दूध नव्हतं, दिवे नव्हते, शालन बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, गेली होती. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्यासमोर बसून घसा साफ केला. आमच्या खात्याची जुनी सवय, आकडा सांगायच्या आधी घसा साफ करायचा. मी म्हटलं, सुभेदारसाहेब, एक गोष्ट राहिली सांगायची. तो म्हणाला, पाण्याची न्हवं? मी मान हलवली. तो पूर्वेच्या भिंतीकडे बघून म्हणाला, "मला ठाव हाय. पैल्याच दिवशी कळालं. वर ठोकलं की गच्च वाजतंय आणि खाली पोकळ, गिलावा सुटलाय आतनं. म्हणून इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तुमास्नी खोटं बोलावं लागलं असतं." मग तो बराच वेळ नदीबद्दल बोलला. त्यांच्या उंब्रजलाही कृष्णाच, पण तिथं नदी येते आणि जाते, तुमच्याकडं येऊन बसते, असं तो म्हणाला. मी त्याला आकडा सांगितला. सात फूट चार इंच. त्यानं मान हलवली, फुटपट्टीचं माप ऐकावं तशी. मग त्यानं भाव पाडून मागितला, आणि मी कबूल झालो, कारण एवढं सगळं माहीत असून घेणारा दुसरा मिळणार नव्हता.

मला वाटलं, सुटलो. अंगातून गरम वाफ निघून जावी तसं हलकं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, एकच करा, आईला बोलू नका. दस्त आईच्याच नावावर करायचा आहे, बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांकात टक्काभर सूट मिळते, जयराजनंच सुचवलं. तेव्हा ती कचेरीत येणार, तुमची गाठ पडणार. तिला पाण्याची लई भीती. मी विचारलं, तुम्ही दोघं राहायला येणार ना इथं? तो म्हणाला, शेती आहे, पोरांच्या शाळा आहेत, एक बाई ठेवू चोवीस तासांची, मी येऊन जाऊन. आणि पाणी आलं तर? माझ्या तोंडून निघून गेलं. तो उठून बूट घालत होता. वाकलेलाच म्हणाला, "आदी कळतंय की चार दिस. न्हेऊ गावाला. आनि तवर..." पुढचं बोलला नाही. बुटाची नाडी बांधली, दोनदा गाठ मारली, आणि माझ्याकडे न बघता गेला. मी त्या माणसाचा तिरस्कार करायचा प्रयत्न केला. आतल्या आत त्याला नावं ठेवली, आईला पाण्यात ठेवणारा म्हटलं. पण तो दोन वर्षं तिचं हगणंमुतणं काढतोय, हे जयराजनं मला सांगितलं होतं, आणि मी माझ्या आईचं एक दिवस काढलं नाही, तेव्हा बहीण होती. शिवाय तो खोटं तरी बोलला नव्हता. माझ्या लक्षात आलं, की मला त्याच्या त्या न बोललेल्या वाक्यानं धक्का बसलाच नाही. मी मनाशी हिशेबच मांडला होता, की सरासरी आठ वर्षांनी मोठं पाणी, मागचं एकवीसला. म्हातारीचं वय अठ्ठ्याहत्तर, तोवर ती कशाला असते. बसतं. हे मी त्याच्याही आधी मांडलं होतं, पहिल्याच दिवशी, तो चित्रफीत काढत होता तेव्हा.

दस्ताचा दिवस गुरुवार. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेहमीची गर्दी, आमचा नंबर एकवीस आणि आत सतरा चालू होता. विश्वजीत आणि संयोगिता म्हातारीला जीपमधून घेऊन आले. शालूबाई. मला वाटलं होतं, खंगलेली, डोळे निवलेली बाई असेल. ती चांगली जाडजूड होती, नऊवारी घट्ट नेसवलेलं, कपाळावर कुंकवाची मोकळी जागा, आणि डोळे असे की बाजारात बैल बघायला आलीय. डावा हात मांडीवर ठेवून दिलेला. विश्वजीतनं तिची खुर्ची भिंतीशी, नेमकी माझ्या बाकड्याशेजारी लावली. मग वकिलानं हाक मारली, आधारच्या झेरॉक्स कमी पडल्या, आणि तो आणि जयराज दोघंही खाली गेले. संयोगिता पाण्याची बाटली आणायला गेली. शालन पलीकडे कुणाशी तरी बोलत होती. मी उठायचा विचार केला. पण कुठं जायचं म्हणून उठायचं, हे सुचेना.

तिनं माझ्याकडे मान वळवली. "आवं सायेब, तुमीच न्हवं घरवालं? पोरानं मोबाइलात दावलं घर. झ्याक हाय. उजेड लय हाय." मी म्हटलं, हो, उजेड भरपूर येतो. ती म्हणाली, तुम्ही जैन न्हवं, आमच्याकडं एक कापडवाला जैन होता, कधी मापात गज कमी भरला नाही. मी हसल्यासारखं केलं. मग तिनं आवाज जरा खाली घेतला.

"म्हणून तुमास्नीच इचारते. त्ये पोरगं काय सांगत न्हाई. तितं पाणी चढतंय म्हनं. किती चढतंय?"

मला सगळं आठवतंय. समोर एक माणूस अंगठ्याची शाई भिंतीला पुसत होता. वर पंखा होता आणि त्याचा वारा कुणालाच लागत नव्हता. माझ्या तोंडात आकडा तयार होता, आयुष्यभर असायचा तसा, फूट आणि इंच, आणि घसाही मी साफ केला. गावातल्या हजार माणसांनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी एकदाही चुकलो नव्हतो. सांगितलं असतं तर ती उठून गेली नसती, तिला उठताच येत नव्हतं. पण ती अंगठा द्यायला नाही म्हणाली असती. मग विश्वजीत, मग जयराज, मग शालन, मग तिसरा मजला. हे सगळं मला एका श्वासात दिसलं आणि मी म्हणालो, गुडघाभर. जन्मात पहिल्यांदा मी पाण्याचा आकडा सांगितला नाही.

ती विचार करू लागली. रान कसलेली बाई, तिला असं मोघम चालण्यासारखं नव्हतं. "कुणाच्या?" तिनं विचारलं. "तुमच्या का माज्या?"

मी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. नऊवारीखाली ते दोन्ही एकमेकांना टेकवून ठेवलेले होते, कुणीतरी ठेवलेले. "माझ्या," मी म्हणालो. तिनं उजवा हात खाली सोडला, जमिनीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत हवेत वर आणला, आणि तिथं धरून ठेवला. मग म्हणाली, म्हणजे कॉटच्या जरा खालीच. मी म्हटलं, हो, खालीच. तिनं हात परत मांडीवर घेतला, आणि मला वाटलं, झालं. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला, स्वतःचाच, तरी त्याची शिसारी आली.

"मग तुमी कुटं चाललाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, इथंच, विश्रामबागला, फ्लॅट घेतलाय.

"कितवा मजला?"

पहिला म्हणता आलं असतं. तळमजला म्हणता आलं असतं, कोण बघायला येणार होतं? सात फुटांचं खोटं ज्याच्या तोंडून सहज गेलं त्याला हे अवघड नव्हतं. पण ते खोटं मला सुचलंच नाही. ह्या प्रश्नासाठी मी तयारीच केली नव्हती, गच्चीवरच्या कागदातही ह्याचं उत्तर लिहिलं नव्हतं. "तिसरा," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. बाजारात दात बघून झाल्यावर जनावराला सोडून देतात तसं तिनं मला नजरेतून सोडून दिलं. मग समोर बघत म्हणाली, "लिफ्ट हाय?"

"आहे."

"बरं केलंसा."

विश्वजीत झेरॉक्स घेऊन आला, त्यानं वाकून तिच्या तोंडाच्या कडेला आलेली लाळ रुमालानं पुसली, अगदी सवयीनं, दुसरीकडे बघत. तिनं त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, इश्वा, मला घरी ने. मी बाकड्याची कड धरून बसलो, आणि तिनं म्हणावं असं मला वाटत होतं की म्हणू नये, हे मला आजही सांगता येणार नाही. ती त्याला एवढंच म्हणाली, की पदर जरा नीट कर, फोटो काढतात न्हवं.

एकवीस नंबर पुकारला. आत साहेबांनी कागद चाळले, तिला कॅमेऱ्यासमोर आणलं. साहेब तरुण होते आणि म्हाताऱ्या माणसांशी मोठ्यानं बोलायचं असतं असा त्यांचा समज होता. त्यांनी विचारलं, आजी, घर तुम्ही घेताय, माहीत आहे ना? कुणाची जबरदस्ती नाही ना? घराची सगळी माहिती दिलीय ना तुम्हाला?

म्हातारीनं मान वळवून मला शोधलं. मी दाराशी होतो, शालनच्या मागं.

"व्हय," ती म्हणाली. "सायबांनी समदं सांगितलंय."

तिचा अंगठा मशीन घेईना. उभ्या जन्मात खुरपं धरून त्यावरच्या रेघा गेलेल्या. साहेबांनी ओल्या कपड्यानं पुसून बघितला, विश्वजीतनं तो आपल्या हातात धरून दाबला, तरी मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. चौथ्या वेळेला तिनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः दाबला, खांद्यातून जोर लावून. हिरवा दिवा लागला. मग साहेबांनी मला पुढं बोलावलं. मी अंगठा ठेवला. माझा पहिल्याच वेळेला लागला.